वळचणीचा वारा आढ्याला

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलेली आहे. तिला जोडून दुसरीही एक सांगतात, की वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही. पाणी वरून खाली येते हे कोणाला शिकवावे लागत नाही, म्हणून या म्हणी माणसांच्या स्वभावाला आणि नात्यागोत्याच्या व्यवहारालाही लागू केल्या गेल्या. परंतु ज्या घरावरून या म्हणी निघाल्या, त्या घरात पाण्याखेरीज आणखीही एक वाहणारी वस्तू होती आणि तिचा धर्म पाण्याच्या नेमका उलटा होता. ती वस्तू म्हणजे हवा. हवा वळचणीतून आत शिरते आणि आढ्यातून बाहेर पडते. निदान पडायला हवी. आपल्या बदलापुरात आज ती पडत नाही, कारण आपण आढेही बुजवले आहे आणि वळचणही. माझे म्हणणे एवढेच आहे की ही दोन्ही तोंडे पुन्हा उघडली पाहिजेत.

वार्षिक अंकात असा विषय पाहून काहींना हसू येईल. कविता, कथा, प्रवासवर्णने सोडून कला शाखेच्या विद्यार्थिनीने छपराच्या फटींवर का लिहावे, हे काम मिस्त्रीचे, फार तर इंजिनिअरचे, असेही कोणी म्हणेल. त्यांना माझे उत्तर साधे आहे. ज्या घरात बसून आपण कालिदास आणि अर्थशास्त्राची टिपणे वाचतो, त्या घरात दुपारी दोन वाजता माणूस बसू शकतो की नाही, हा प्रश्न कला शाखेचाही आहे. आणि आपल्या परीक्षा नेमक्या उन्हाळ्यातच येतात.

शहरात वाढलेल्या मित्रांसाठी दोन-चार शब्द आधी सांगते. उतरत्या छपराच्या दोन बाजू म्हणजे पाखी. ती जिथे वर एकमेकांना मिळतात ते आढे. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरलेली लाकडे म्हणजे वासे, आणि पाख्याची खालची कड भिंतीच्या बाहेर जिथे येते ती वळचण. छप्पर आणि राहण्याची खोली यांच्यामध्ये फळ्या टाकून केलेली जागा म्हणजे माळा. पूर्वी माळ्यावर भाताची कणगी, चिंच, जुनी भांडी आणि नको असलेले सामान असे. आता त्यावर माणसे असतात.

अंबरनाथ सोडून गाडी बदलापूरकडे आणि पुढे वांगणीकडे निघाली की डब्याच्या दारातून दोन्ही बाजूंची छपरे पाहत यावे. उंच इमारतींच्या मधल्या पट्ट्यात कौले आता तुरळक दिसतात. बाकी सारे पत्रे: जुने गंजलेले, सिमेंटचे करडे, आणि अलीकडे रंगीत, त्यांतही गडद निळे. त्या पत्र्यांखाली चाळी आहेत. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून माणसे ठाण्याला आली, ठाणे परवडेना म्हणून कल्याणला, आणि कल्याण परवडेना म्हणून येथे. ‘बदलापूर’ हे नाव येथे घोडे बदलत असत म्हणून पडले असे सांगतात. आता येथे घोडे नव्हे, बिऱ्हाडे बदलतात. आमचेही बिऱ्हाड अशाच एका चाळीत आहे. दहा बाय पंधराची खोली, वर फळ्यांचा माळा, माळ्यावर पत्रा. खोलीत स्वयंपाक, पाहुणे आणि दूरदर्शन. म्हणून धाकटा भाऊ आणि मी अभ्यासाला माळ्यावर. वीज जाते म्हणून तेथे एक मेणबत्ती ठेवलेली असते. एप्रिल उजाडला की ती मेणबत्ती उभी राहत नाही, हळूहळू मान टाकते आणि मे महिन्यात आडवी होते. तिला कोणी पेटवलेले नसते. ही काही आमच्याच घरची तक्रार नाही. आमच्या ओळीतल्या प्रत्येक माळ्यावर तिची एकेक बहीण आहे.

असे का होते ते पाहू. उन्हाळ्यातल्या दुपारी उघडा लोखंडी पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो. त्याला चिकटलेली हवा तापते. तीस अंशांची हवा साठ अंशांपर्यंत तापली की ती सुमारे नऊ टक्क्यांनी हलकी होते, आणि हलकी झाली की वर जाते. वर म्हणजे आढ्याकडे, कारण छपराखालची सर्वांत उंच जागा तीच. आढे बंद असेल तर ही हवा तेथे साचते, थरावर थर बसतात आणि तप्त हवेची पातळी खाली उतरत उतरत प्रथम माळ्यावरच्या माणसाच्या डोक्यापर्यंत आणि मग खाली झोपलेल्याच्या छातीपर्यंत येते. टाकीत पाणी भरावे तशी ही उष्णता भरते. फरक इतकाच की ही टाकी तळापासून नव्हे, वरून भरत येते.

आता आढ्याला फट ठेवली तर? हलकी हवा तेथून निघून जाईल. पण तिची जागा घ्यायला दुसरी हवा कोठून तरी यावी लागते. म्हणून खाली, वळचणीपाशी, तेवढीच वाट हवी. या दोन तोंडांत उंचीचे अंतर जितके जास्त आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जितका जास्त, तितकी ही ओढ जोराची. त्याला पंखा लागत नाही, वीज लागत नाही. जितके ऊन कडक, तितके हे यंत्र जोरात चालते. शिवाय आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेकडून खाडीवरचा वारा येतो. वारा आढे ओलांडून पलीकडे उतरतो तेव्हा आढ्यापाशी हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा बाहेर खेचली जाते. मात्र दोन्हींपैकी एकच तोंड ठेवून भागत नाही. नुसते आढे उघडले आणि वळचण बंद ठेवली तर थोडी हवा आत-बाहेर घुटमळते, प्रवाह होत नाही. घराला नाक असून चालत नाही, त्याला श्वास घेण्याची आणि सोडण्याची अशा दोन्ही क्रिया करता आल्या पाहिजेत.

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते असे म्हणण्याची एक पद्धत आहे. ती मला फारशी पसंत नाही. त्यांना हवेच्या घनतेचे गणित ठाऊक नव्हते. त्यांच्या चुलीला धूर होता, एवढेच. धूर कोठून तरी जायला हवा होता, आणि धूर जातो तेथून उकाडाही जातो. कुंभाराने थापलेल्या कौलांत हजार फटी असत. पुढे मंगलोरी कौले आली. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६० च्या दशकात मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथील कौले गलबतांतून सबंध पश्चिम किनाऱ्यावर पोचली. ती एकमेकांत खाचांनी अडकतात, तरी त्यांच्या सांध्यांतून हवा झिरपत राहते. शिवाय छपरात बसवण्यासाठी काचेचे कौल आणि हवेसाठी तोंड ठेवलेले कौलही मिळत असे. म्हणजे छपराला उजेड आणि वारा लागतो, ही गोष्ट त्या कारखानदारांनाही विक्रीच्या यादीत घालावीशी वाटली होती. देशावरच्या धाब्याच्या घरांना तर उतार नाही, आढे नाही; तरी तेथेही छतालाच झरोका ठेवीत.

आपल्याच लोहमार्गावर, कर्जतजवळ, कोंडाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात दगडात लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल केलेली दिसते. ज्या लाकडी सभागृहांची ती नक्कल आहे ती केव्हाच नाहीशी झाली, पण त्यांचे मोठे वातायन कोठे होते ते दगडाने जपून ठेवले आहे: दाराच्या उंचीला नव्हे, तर वर, छपराच्या कमानीच्या पोटात. ‘वातायन’ या शब्दाचा अर्थच वाऱ्याची वाट. आपण त्याचे भाषांतर ‘खिडकी’ असे केले आणि वाऱ्याला खालच्या मजल्यावर आणून बसवले.

शेजारच्या उल्हासनगरची गोष्ट याहून बोलकी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत ठेवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. ही माणसे ज्या प्रांतातून आली तेथील हैदराबाद शहर छपरांवरच्या वारापकडण्यांसाठी जगभर प्रसिद्ध होते. सिंधीत त्यांना ‘मंघ’ म्हणतात. घराघराच्या छपरावर नैर्ऋत्येकडे तोंड करून उभी राहिलेली ही पाखे उन्हाळ्यातला वारा पकडून खाली खोलीत सोडीत. दाराला कुलूप घालून निघालेल्या त्या माणसांबरोबर दागिने आले, भांडी आली, पापडाच्या पाककृतीही आल्या. पण वाऱ्याची ती वाट आली नाही. ती आणण्यासारखी वस्तूच नव्हती. ती घराचा भाग होती आणि घर तिकडेच राहिले. नवी घरे बांधताना तिची आठवण ठेवायला कोणाला फुरसत नव्हती.

हवा नसलेले घर केवळ गैरसोयीचे असते असे नाही, हे मुंबईने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत ऊन आणि वारा यावा म्हणून अधिकाऱ्यांनी कित्येक घरांवरची कौले काढायला लावली. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट उमगलेले नव्हते, त्यामुळे त्या उपायाचा त्या रोगावर किती उपयोग झाला असेल ही शंकाच आहे. तरीही त्या साथीतून १८९८ साली शहरसुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि घराला उजेड-वारा किती हवा याचा विचार सार्वजनिक कामांत आला. क्षय मात्र हवेतूनच पसरतो, आणि कोंडलेल्या खोलीत तो अधिक सहज पसरतो याबद्दल आज शंका उरलेली नाही. उष्णतेचेही तसेच. उष्माघात म्हणजे विदर्भाचा आजार, अशी आपली समजूत असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर १४ माणसे उन्हाने गेली, तेव्हा तापमान चाळिशीच्या खालीच होते. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला उष्णता टाकता येत नाही. बदलापूर तर समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत आहे. येथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दमटपणाही पुरता सुटत नाही. सतरा-अठरा वर्षांची मुले हे सोसून नेतात. त्याच खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी आणि दोन महिन्यांचे मूलही असते, हे विसरता कामा नये. आणि स्वयंपाक करणारी बाई तर उन्हाच्या जोडीला शेगडीची धगही घेऊन उभी असते.

मग आढी बुजली कशी? याचा दोष पत्र्याला देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पत्रा हा गरिबाचा मित्र आहे. तो हलका, त्याला लाकूड कमी लागते, वानर नाचले तरी फुटत नाही, दरवर्षी पावसाच्या तोंडावर कौले चाळण्याचा खर्च नाही. आणि कौले चाळणारी माणसे तरी आता कोठे मिळतात! दोष बसवण्याच्या पद्धतीत आहे. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये पत्र्याच्या नागमोडीमुळे ज्या फटी राहतात त्या मिस्त्री सिमेंटने लिंपून टाकतो, कारण उंदीर येतात. आढ्यावर जो वाकवलेला पत्रा बसतो, मिस्त्री त्याला ‘रिज’ म्हणतात, तो दोन्ही पाख्यांवर घट्ट दाबून बसवला जातो आणि त्याच्या कडाही भरल्या जातात, कारण पाऊस येतो. उंदीर आणि पाऊस ही दोन्ही कारणे खरी आहेत. मात्र त्यांच्यावर तोंड बुजवण्याखेरीज दुसरा इलाज नाही, हे खरे नाही.

पावसाचा आक्षेप सर्वांत मोठा, म्हणून तो आधी घेते. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तोही आडवा. २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसाला छपराला भोक पाडा असे सांगणे म्हणजे वेडेपणाच वाटणार. परंतु येथे भोक पाडायचे नसून टोपी उचलायची आहे. आढ्यावरचा पत्रा दोन्ही पाख्यांपासून तीन-चार इंच उंच, लोखंडी पट्ट्यांच्या आधारावर बसवायचा आणि तो दोन्ही बाजूंना चांगला वीतभर खाली उतरवायचा. त्याच्या खाली पाख्यांच्या वरच्या कडा थोड्या वर वळवून घ्यायच्या, म्हणजे वाऱ्याने आलेले पाणी कडेवर अडते आणि परत पाख्यावरून वाहून जाते. फटीला बारीक जाळी लावली की उंदीर, पारवे आणि मांजरे बाहेरच राहतात. वळचणीच्या फटींनाही सिमेंटऐवजी जाळीच. एक काळजी मात्र घ्यावीच लागते. उचललेली टोपी वारा धरते, म्हणून ती खिळ्यांनी नव्हे, हूक आणि नट-बोल्टांनी आढ्याच्या लोखंडाला बांधली पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात शेजारच्या रायगडात पत्र्याची छपरे कशी उडाली हे आपण पाहिले आहे. त्या भीतीचे उत्तर पक्के बांधकाम हे आहे. कोंडलेले बांधकाम हे नाही.

दुसरा आक्षेप पंख्याचा. वीज आहे, पंखा आहे, मग फटी कशाला? पंखा हवा थंड करीत नाही, फक्त हलवतो. छत नसलेल्या खोलीत पत्र्याखाली टांगलेला पंखा काय करतो? आढ्याला साचलेली तापलेली हवा ओढून ती आपल्या अंगावर टाकतो. आमच्या चाळीत भर दुपारी लोक पंखा बंद करून दारात बसतात, ते काही विजेचे बिल वाचवण्यासाठी नव्हे. वातानुकूलन यंत्राची गोष्ट तर वेगळीच. ते आतली उष्णता काढून बाहेरच्या बोळात सोडते, आणि बोळात शेजाऱ्याची खिडकी असते.

तिसरा प्रश्न मापाचा. किती फट पुरे? अमेरिकेतील बांधकामाच्या नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या एक-दीडशांश इतकी उघडी जागा, आणि ती खाली-वर नीट वाटलेली असेल तर एक-तीनशांशही चालेल, असे प्रमाण दिलेले असते. तो नियम मुख्यतः थंड मुलखातल्या माळ्यांवर बाष्प साठू नये म्हणून झाला, उकाड्यासाठी नव्हे. त्यामुळे तो जसाच्या तसा डोक्यावर घेण्याचे कारण नाही. पण अंदाजासाठी हिशेब करून पाहू. पंधरा बाय वीस, म्हणजे तीनशे चौरस फुटांचे घर घ्या. एक-दीडशांश म्हणजे दोन चौरस फूट. त्यातले एक चौरस फूट वर आणि एक खाली. आढ्याची लांबी वीस फूट धरली, तर आढ्याला लांबभर पाऊण इंचाहूनही कमी फट झाली! आपण दुप्पट-तिप्पट केली तरी ती दोन इंचांच्या आतच राहते. जाळीने वाट थोडी अडते, म्हणून मी तर दोन इंचच धरीन. एवढ्या फटीसाठी काय लागते? रिजची थोडी रुंद पट्टी, लोखंडी पट्ट्या, जाळी, नट-बोल्ट आणि मिस्त्रीची एक-दोन दिवसांची मजुरी. नवे छप्पर घालतानाच केले तर तेही वेगळे जाणवणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर मी एका फटीचे फारच माहात्म्य गायिले असे होईल. आढ्याची वाट तापलेली हवा काढून देते, पण तापलेला पत्रा तसाच राहतो, आणि तो खाली उष्णतेचे किरण टाकीत असतो. चुलीपासून हातभर दूर बसले तरी धग लागते, ती हवेमुळे नव्हे, तशीच ही धग. तिच्यावर आढ्याचा इलाज चालत नाही. तिला दोन वेगळे उपाय आहेत. पत्र्याला वरून पांढरे करणे हा पहिला. सिमेंटच्या पत्र्यावर चुना, लोखंडी पत्र्यावर पांढरा रंग, कारण चुना जस्ताला खातो. पत्र्याखाली साधे छत टाकणे हा दुसरा, म्हणजे किरण छतावर अडतील. आणि मग त्या छताच्या वरची हवा वळचणीतून आढ्याकडे वाहती ठेवली की दोन्ही मिळून काम होते. चुना, छत आणि आढे ही तीन भावंडे आहेत. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. आपण मात्र गडद निळा पत्रा निवडतो, कारण तो दिसायला छान दिसतो. एक इशारा देऊन ठेवते: जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याच्या धुळीने कर्करोग होतो. तसे पत्रे कापू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत. बदलायचे तेव्हा संपूर्ण बदलावेत.

‘आम्ही इमारतीत राहतो, आमचा काय संबंध?’ असे म्हणणाऱ्या मित्रांनी एकदा गच्चीवर जाऊन यावे. गळती थांबावी म्हणून बदलापुरातल्या कित्येक इमारतींनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे. चारही बाजू उघड्या असतील तर ती शेड चांगलीच. गच्चीवर सावली पडते, वारा मधून जातो आणि सर्वांत वरच्या मजल्याचा उकाडा कमी होतो. पण हळूहळू एका बाजूला पत्रा मारला जातो, दुसऱ्या बाजूला अडगळ रचली जाते, तिसरीकडे ताडपत्री येते. मग तीच शेड भट्टी होते आणि वरच्या मजल्यावरची मंडळी आमच्या पंगतीला येऊन बसतात. आढ्याचा प्रश्न चाळीचा आहे तसा टॉवरचाही आहे.

आणि आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. आढे उघडण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो त्या आढ्याखाली राहत नाही. आमच्या ओळीतल्या बिऱ्हाडकरूंनी एकदा मालकांना विचारले होते. त्यांचे म्हणणे असे पडले की पाणी गळले तर तुम्ही माझ्याकडे येता, उकडले म्हणून भाडे कमी देता का? हा प्रश्न उर्मट वाटला तरी बिनतोड आहे. गळती दिसते, भिंतीवर डाग पडतो, तिचे भांडण करता येते. उकाड्याचा डाग पडत नाही. तो अंगावर येतो आणि अंगावरच जिरतो. म्हणून तो ज्याचा त्याने सोसायचा, असा अलिखित करार होऊन बसला आहे. असा करार मोडायला सोसणाऱ्याची सहनशक्ती संपून भागत नाही. त्याला नियमाचे पाठबळ लागते. खिडकी किती मोठी हवी हे नियमांनी ठरते, मग पत्र्याच्या छपराला आढ्याची वाट असलीच पाहिजे असे का ठरू नये? नगरपालिकेने चाळीच्या नव्या छपराला परवानगी देताना एवढी एक अट घातली, तरी दहा वर्षांत या गावाचे छप्पर बदलेल.

हे कोणा एका माणसाचे औदार्य नव्हे, हे दाखवायला दूर जायला नको. आपल्याच अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत चक्कर मारा. कारखान्यांच्या छपरांवर आढ्याच्या रांगेत वाऱ्याने फिरणारे चंदेरी घुमट दिसतील. जुन्या कारखान्यांचे आढे तर उचलून त्याच्या बाजूंना झरोकेच ठेवलेले असतात. यंत्रे तापली की उत्पादन अडते, हे मालकाला कळते. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ साली ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांच्या डब्यांच्या छतातून हवा आत सोडण्याची सोय केली गेली, कारण गर्दीत माणसे गुदमरत होती. म्हणजे यंत्राला वारा हवा हे मान्य, प्रवाशाला दीड तासाच्या प्रवासात वारा हवा हेही मान्य. तोच प्रवासी घरी येऊन पाठ टेकतो, त्या आठ तासांपुरताच काय तो आपला विचार संपतो.

यात विद्यार्थ्यांना काय करता येईल? फार नाही, पण काहीच नाही असेही नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली ती विद्यार्थ्यांच्या हातांना समाजाची ओळख व्हावी म्हणून. दरवर्षी आपले शिबिर एखाद्या गावी जाते. झाडे लावतो, रस्ता झाडतो, पथनाट्य करतो. एका वर्षी आपण छपरे धरावीत. भूगोल विभागाकडे तापमापक आहेत. एप्रिलच्या एका आठवड्यात आपापल्या घरी, माळ्यावर, खोलीत आणि दारातल्या सावलीत, तीन वेळा नोंद घ्यायची. पत्रा कोणता, रंग कोणता, आढे उघडे की बंद तेही लिहायचे. शंभर विद्यार्थ्यांनी हे केले तर बदलापूरच्या उकाड्याचा असा नकाशा तयार होईल, जो नगरपालिकेपुढे ठेवता येईल. मग एका चाळीचे, मालक तयार असतील अशा एका तरी चाळीचे, आढे उचलून पाहायचे आणि पुन्हा मोजायचे. उपयोग झाला तर आकडे बोलतील. अपेक्षेइतका झाला नाही तर तेही आकड्यांत दिसेल आणि कशाची भर घालायला हवी ते कळेल. प्राध्यापकवर्गाने मनावर घेतले तर येत्या उन्हाळ्यातच हे होऊ शकते.

अर्थात एवढ्याने घरांचा प्रश्न सुटत नाही. दहा बाय पंधराच्या खोलीत सहा माणसांनी राहावे लागू नये, हाच खरा प्रश्न आहे, आणि आढ्याच्या फटीने त्याचे उत्तर मिळत नाही हे मी जाणते. पण मोठ्या उत्तराची वाट पाहत लहान उत्तर नाकारणे हे ज्यांना थंड खोलीत बसून वाट पाहता येते त्यांनाच परवडते. बाकीच्यांना पुढचा एप्रिल येणारच आहे. छपरे पावसाच्या आधी दुरुस्त होतात आणि ते काम मे महिन्यात निघते. या वर्षी आपल्या घरी, शेजारी, नात्यात कोणाकडे मिस्त्री छपरावर चढला, तर मित्रहो, खाली उभे राहून त्याला एवढे तरी सांगा की रिज चार इंच वर घे, आणि वळचणीला सिमेंट भरू नकोस, जाळी लाव. तो प्रथम नाहीच म्हणेल. तेव्हा त्याला टोपी कशी उतरवायची आणि कडा कशा वळवायच्या तेही सांगता यावे, म्हणून हा लेख थोडा लांबला.